ऑन एअर नांदेड, ऑफ एअर लातूर

‘दहा मिनिटं आहेत. पाच पुस्तकं सांगायची. बास!’

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या सिग्नलला अडकले होते. ही माझी शाळेतली मैत्रीण नांदेडच्या एका लोकल रेडिओ स्टेशनवर शो करते. दर आठवड्याला कुणीतरी पाहुणा येतो, आपल्या आवडीची पुस्तकं सांगतो, मग लोकांचे फोन. या वेळचा पाहुणा ऐनवेळी गळाला होता. ‘तू तर शाळेत असताना लायब्ररीचं अख्खं कपाट खाल्लं होतंस,’ ती म्हणाली. ‘ये की शनिवारी. आईलाही भेटशील.’

मी ‘हो’ म्हटलं, आणि मग जाम टेन्शन आलं. कारण एक गोष्ट तिला सांगायची राहून गेली होती. शेवटचं पुस्तक मी पूर्ण कधी वाचलं, ते मलाच आठवत नव्हतं.

तुमचंही असंच असेल तर लाजू नका, आपण बरेच जण एकाच बोटीत आहोत. सेल लागला की पुस्तकं मागवायची, बेडशेजारी त्यांचा मनोरा रचायचा, वर चार्जर ठेवायचा. माझा मनोरा सध्या अकरा मजली आहे.

तरी लिस्ट केली. एक बुकर मिळालेली कादंबरी, एक सवयी बदलण्यावरचं, एक स्टार्टअपवाल्याचं, एक जपानी, आणि तोंडी लावायला एक मराठी. एकदम इम्प्रेसिव्ह! शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसले. सकाळी डोळे उघडले तेव्हा समोर पाटी होती, हुजूर साहिब नांदेड.

ग्रंथाला गुरू मानणारं गाव

घरी सुशीला तयार होतं. सुशीला माहीत नसलेल्या पुणेकरांसाठी: भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याचा कूट आणि वरून कोथिंबीर. पोह्यांचं मराठवाडी भावंडं. पोह्यांपेक्षा भारी, पण हे पुण्यात मोठ्यानं बोलायचं नाही.

अण्णांना लिस्ट दाखवली. अण्णा रिटायर्ड मास्तर. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती दोनदा वाचली आणि एवढंच विचारलं, ‘ही कुणासाठी काढलीस?’

‘लोकांसाठी.’

‘कुठल्या?’

मला उत्तर देता येईना. शो संध्याकाळी पाचला होता. अण्णा म्हणाले, ‘जरा गावात फिरून ये.’ चिडले की ते असंच सांगतात.

मग निघाले. वजिराबादच्या गर्दीतून रिक्षा सचखंडाकडे गेली. अमृतसर, लुधियाना, दिल्ली, कॅनडा... कुठून कुठून आलेली माणसं इथं बूट काढून एका रांगेत उभी असतात. लहानपणी शेजारच्या मावशींबरोबर लंगरला यायचे, तेव्हा फक्त डाळ आणि शिरा दिसायचा. या वेळी पहिल्यांदा डोक्यात ट्यूब पेटली. १७०८ साली गुरू गोबिंदसिंगजी याच गावात होते. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असं त्यांनी इथंच सांगितलं. महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात आजची मुख्य वास्तू बांधवली. गुरूपदाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, सगळं नांदेड बदललं. रस्ते रुंद झाले, घाट झाले, विमानतळ आला. मी तेव्हा बारावीत होते. क्लासला जायला उशीर होतो म्हणून त्या खोदलेल्या रस्त्यांना शिव्या घालायचे!

ज्या गावात एका ग्रंथाला गुरूचं आसन मिळालं, त्या गावच्या रेडिओवर मी सवयी बदलण्याचं पुस्तक सांगणार होते. लिस्टमधलं पहिलं नाव तिथंच खोडलं.

नापास झालेले सर

नांदेडात पुस्तकांचा विषय निघाला की पाच मिनिटांत एक नाव येणारच, कुरुंदकर सर. नरहर कुरुंदकर. १९३२ चा जन्म, पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य. हे कॉलेज १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं उभं राहिलं. हैदराबाद संस्थान जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

सरांना ऐकलेली पिढी आता सत्तरीत आहे. इतिहास, मनुस्मृती, नाट्यशास्त्र, संगीत, राजकारण, माणूस कशावरही बोलायचा आणि समोरचा गप्प ऐकत बसायचा. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ तुमच्या घरात असेलच. तिच्या सुरुवातीला सरांचं जे लांबलचक पत्र आहे, ते कथेकडे पोचायच्या घाईत आपण बहुतेक जण ओलांडून जातो. ते एकदा वाचा. कादंबरीकारानं शिवाजीराजांकडे बघताना कुठं जपून पाऊल टाकावं, हे एक मास्तर नांदेडात बसून लिहितो आणि लेखक ते आपल्या पुस्तकाला जोडतो, यातच सगळं आलं. १० फेब्रुवारी १९८२ ला तेव्हाच्या औरंगाबादला, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच सर गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

अण्णांची आवडती गोष्ट मात्र वेगळी. एवढं वाचणारा हा माणूस इंटरच्या परीक्षेत अनेकदा नापास झाला होता! अण्णा हे सांगताना दरवेळी जोरात हसतात. ‘परीक्षेला जे नव्हतं ते सगळं वाचून झालं होतं त्यांचं.’

मी दहावीत असताना अण्णांनी ही गोष्ट मला सांगितली नव्हती. तेव्हा ते म्हणाले होते, ‘दोन वर्षं बाहेरचं वाचन बंद. बारावीनंतर काय वाचायचं ते वाच.’ माझंही काही म्हणणं नव्हतं. बारावीनंतर इंजिनीअरिंग आलं, मग प्लेसमेंट, मग ऑनसाईट, मग फ्लॅटचा हप्ता. ती ‘नंतर’ची तारीख काही उजाडली नाही.

लाल दिवा लागला

मराठवाड्यातल्या माणसाचं रेडिओशी नातं जुनं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवत असल्याचं जाहीर केलं ते रेडिओवरूनच. आमच्या आजोबांची शाळा उर्दूतून झालेली. घरात मराठी, शाळेत उर्दू, कोर्टात उर्दू. त्यांच्या पिढीसाठी मराठी पुस्तक हातात असणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी आली, आणि शेतातल्या गोठ्यापर्यंत मराठवाडी आवाज पोचला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नांदेडला आकाशवाणीचं स्वतःचं एफएम केंद्र आलं. नंतर खासगी स्टेशनं आली, आरजे आले, ‘हाय नांदेड’ सुरू झालं. आज सगळं मोबाईलवर आहे. तरी पानटपरीवर, शिंप्याच्या मशीनशेजारी, एसटीच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर अजून रेडिओ वाजतोच.

आणि रेडिओवर पुस्तकं सांगण्याची आयडियाही काही नवी नाही. अमेरिकेत सिएटलला नॅन्सी पर्ल नावाच्या एक लायब्ररियन आहेत. त्या तिथल्या लोकल रेडिओवर वर्षानुवर्षं पुस्तकं सुचवत आल्या. १९९८ मध्ये त्यांनी अख्ख्या शहरानं एकच पुस्तक वाचायचा प्रयोग केला आणि तो जगभर कॉपी झाला. २००३ मध्ये तर त्यांची खेळण्यातली बाहुली निघाली! त्यांचा एक नियम मला जाम आवडतो. पुस्तक आवडत नसेल तर पन्नास पानं वाचून सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढीच पानं वाचा. आयुष्य छोटं आहे, बॉस!

स्टुडिओ म्हणजे एक गार खोली. जाड दार, भिंतीला भोकाभोकांचं लाकूड, मधे टेबल, दोन माइक. मैत्रिणीनं हेडफोन दिले, लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून अस्सल पुणेरी मराठी बाहेर पडायला लागली. ‘मला असं वाटतं की वाचन ही एक प्रक्रिया आहे...’ मैत्रिणीनं काचेआडच्या माणसाकडे बघून डोळे फिरवले. माइक बंद करून, गाणं लावून ती म्हणाली, ‘काय बोलूलालीस तू? कुणाशी बोलूलालीस?’

सकाळी अण्णांनी विचारलेलं, तेच. फक्त नांदेडीत.

गाणं संपेपर्यंत मी लिस्ट उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला नवी पाच नावं लिहिली. कपाटं खाल्ली होती त्या दिवसांतली, आणि अण्णांच्या टेबलावर बघितलेली.

पहिलं, कुरुंदकर सरांचं ‘जागर’. दुसरं, अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. कारण शाळेत आम्ही १८५७ शिकलो, १९४२ शिकलो, आणि आमच्याच आजोबांनी काय भोगलं ते मात्र एका परिच्छेदात आटपलं. तिसरं, आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह. परभणीच्या या लेखकाला त्यासाठी २०१६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चौथं लहान मुलांसाठी, नांदेडच्याच सुरेश सावंतांचा ‘आभाळमाया’ हा कवितासंग्रह. त्याला २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे.

आणि पाचवं, रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’.

बोराडे सर लातूर तालुक्यातल्या काटगावचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. ‘पाचोळा’ आली १९७१ मध्ये. गावातल्या एका शिंप्याच्या घराची परवड, आणि ती सांगते कोण, तर त्याची बायको. तिच्या भाषेत. म्हणजे आपल्या भाषेत! मी नववीत ती वाचली तेव्हा खरं सांगायचं तर धक्का बसला होता. पुस्तकात असं बोलता येतं? वर्गात ज्या बोलण्याला बाई ‘शुद्ध बोल’ म्हणून टोकायच्या, तेच छापून आलंय?

हे सांगताना माझी पुणेरी कुठं गळून पडली, कळलंच नाही.

फोन सुरू झाले. एका काकांनी कुरुंदकर सरांचं व्याख्यान ऐकल्याची आठवण सांगितली. एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, ‘ऑडिओबुक आहे का?’ आणि मग तिसरा फोन.

कंधारकडच्या एका खेड्यातून एक बाई बोलत होत्या. ‘ताई, तुम्ही सांगितलेली पुस्तकं चांगलीच आसतील. पन ती मिळतील कुठं? पोरगी सातवीला हाय. शाळेतली समदी वाचून झाली म्हनती. आमच्या गावाला येष्टी दिसातून दोनदा येती.’

मी गप्प. रेडिओवर चार सेकंदांची शांतता किती लांब असते, ते तेव्हा कळलं. तोंडात आलेलं उत्तर होतं, ‘ऑनलाईन मागवा.’ नशीब, ते गिळलं.

मैत्रिणीनं सावरलं. तालुक्याला अनुदान घेणारं सार्वजनिक वाचनालय असतं, तिथं नाव नोंदवता येतं, महिन्याची वर्गणी थोडी असते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अशी हजारो वाचनालयं उभी राहिली, अ, ब, क, ड दर्जाची. काही जोमात चालतात, काहींचं फक्त कुलूप दिसतं, हे आपल्याला माहीत आहे. पण मागणी केली तर पुस्तक आणून द्यायची सोय असते, आणि मागणीच कुणी करत नाही. मीही एक भर घातली. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुष्कळ पुस्तकं वेबसाईटवर फुकट ठेवली आहेत. मोबाईलवर उतरवता येतात. बोराडे सर कधीकाळी याच मंडळाचे अध्यक्ष होते.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मोबाईल हिच्या पप्पाकडं आसतोय, ते रातीला येतेत. तवर तुम्हीच सांगा की थोडी, त्या शिंप्याच्या बायकोची गोष्ट.’

दहा मिनिटं कधीच संपली होती. काचेआडच्या माणसानं हात हलवून सांगितलं, चालू द्या. मी गोष्ट सांगितली. पुस्तकातली वाक्यं आठवत नव्हती, मग माझ्या आजीच्या बोलण्यात सांगितली. पलीकडून फक्त ‘हूं... हूं...’ येत होतं. एक हुंकार बाईंचा, एक बारीक, पोरीचा.

लोह्यानंतर खरखर

रविवारी सकाळी लातूरची एसटी धरली. तिथं माझी चुलत बहीण असते. नांदेड-लातूर म्हणजे साडेतीन-एक तास. आधी लोहा, पुढं माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. लोह्याजवळच माळेगाव आहे, खंडोबाच्या यात्रेचं. तिथं घोडे-गाढवांचा बाजार भरतो तेव्हा अख्खा दक्षिण भारत उतरल्यासारखा वाटतो. खिडकीतून काळी जमीन, सोयाबीनची काढून ठेवलेली ढिगारं आणि मधेच एखादं एकटं लिंबाचं झाड.

ड्रायव्हरच्या डोक्यावर नांदेडचं एफएम लागलं होतं. लोहा मागं पडलं तशी गाण्यात खरखर सुरू झाली. एका चढावर आवाज परत आला, उतारावर गेला. मग ड्रायव्हरनं बटण दाबून ते बंदच केलं. एफएमची मजा हीच आहे, ते एका गावाचं असतं. पुढच्या गावाशी त्याला काही देणंघेणं नसतं. पण त्या बाईंचा प्रश्न काही बंद झाला नाही. तो अहमदपूरपर्यंत आला, चाकूरपर्यंत आला, लातूरच्या स्टँडवर माझ्याबरोबरच उतरला.

पिशवीत ‘पाचोळा’ होती. अण्णांच्या कपाटातली, कव्हर उसवलेली, पानं पिवळी पडलेली. भाचीसाठी घेतली होती.

गोलाईतून ट्यूशनकडे

लातूरबद्दल बाहेरच्यांना तीन गोष्टी माहीत असतात. एक, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं, किल्लारी. दोन, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि तीन, लातूर पॅटर्न.

चौथी गोष्ट मी सांगते, गंज गोलाई. १९१७ ची ही गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. एकेका रस्त्याचा एकेक धंदा. सोनं इकडं, कापड तिकडं, गूळ, धान्य, चपला. शंभरी ओलांडलेला मॉल म्हणा ना! नवख्या माणसानं आत शिरून, आलेल्या रस्त्यानंच बाहेर पडून दाखवावं.

पण आजचं लातूर बघायचं तर ट्यूशन एरियात जा. हे नाव नकाशावरचं नाही, लोकांनी ठेवलेलं आहे, आणि रिक्षावाल्याला तेच कळतं. क्लास, होस्टेल, मेस, झेरॉक्स, परत क्लास. भिंतीभर पोरापोरींचे फोटो, फोटोखाली मार्क. आपल्याकडे सिनेमाच्या हिरोंचे लागतात तसे. संध्याकाळी सातला एक बॅच सुटते, दुसरी आत जाते, आणि रस्त्यावर नुसत्या पाठीवरच्या सॅका दिसतात. इथं पुस्तकांची दुकानं तुफान चालतात. मी एकात शिरले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मागच्या वर्षांचे पेपर, छतापर्यंत. ‘कथा-कादंबऱ्या?’ असं विचारल्यावर दुकानदार हसला. वाईट हसला नाही. ‘ताई, त्या घेऊन पोरं करतील काय?’

गंमत बघा. महाराष्ट्रात इतकं तासन् तास वाचणारी पोरं दुसरीकडे क्वचितच सापडतील. दिवसाला बारा-बारा तास वाचतात!

ताईचा प्रश्न

ताईकडे रात्री निलंगा राईस होता. फोडणीचा, मसालेदार, भज्याबरोबर खायचा. भाची सतरा वर्षांची आहे, नीटची तयारी करते. जेवता जेवता ती म्हणाली, ‘मावशी, मी काल ऐकला तुझा कार्यक्रम. मोबाईलवर. हेडफोन घालून.’ आणि हळूच, ‘ते शिंप्याचं पुस्तक आणलंस का?’

मी पिशवीकडे हात नेला, आणि ताईनं भात वाढता वाढता थांबून माझ्याकडे बघितलं.

‘तुझं बरंय बाई,’ ती म्हणाली. ‘तू पुण्याला गेलीस, नोकरी लागली, आता वाचा म्हणून सांगायलीस. इथं सोयाबीनचे पैसे फीला गेले. शेत गहाण ठेवायचं तेवढं राहिलंय. दीड वर्षं राहिलंय हिचं. तवर नको देऊस तिला काही.’

मी अण्णांचीच ट्रिक वापरली. कुरुंदकर सर इंटरला कसे नापास झाले, आणि तरी केवढे झाले, ते रंगवून सांगितलं. भाची हसली. मग सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मावशी, त्यांना परत परत बसता आलं. आमच्याकडं रिपीटला पैसे नाहीत.’

या वाक्यावर काय बोलायचं, हे तुम्हाला सुचलं तर मला कळवा. मला सुचलं नाही.

रात्री गच्चीवर झोपलो. समोरच्या होस्टेलच्या खिडक्यांत दोन वाजेपर्यंत दिवे होते. मला ताईला सांगायचं होतं की ‘नंतर वाच’ म्हणतात ते ‘नंतर’ येत नाही. माझ्याकडे बघ, अकरा मजले झालेत. पण ज्या बाईनं सोयाबीन विकून फी भरली, तिला हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? मला माझी दोन वर्षं कामाला आली होती. त्या दोन वर्षांच्या जोरावरच तर मी गच्चीवर पडून न वाचलेल्या पुस्तकांचं दुःख करू शकत होते.

सकाळी निघताना मी ‘पाचोळा’ पिशवीतून काढली आणि ताईच्या हातात दिली. ‘तिला नको देऊस. तुला घे.’

‘मला? मी कधी वाचू?’

‘पन्नास पानं वाच. नाही आवडली तर सोड. अमेरिकेतल्या एका बाईनं परवानगी दिलीय.’

ताईनं ती घेतली आणि फ्रीजवर ठेवून दिली, लाईटबिलाशेजारी.

आणि मग

पुण्याला येऊन मी पहिल्यांदा चार्जर उचलला. मनोऱ्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक घेतलं, नॅन्सीबाईंच्या नियमानं पन्नास पानांवर सोडलं, दुसरं घेतलं. हे दुसरं संपलं! ऑफिसच्या बसमध्ये, जाताना पंचवीस मिनिटं, येताना पस्तीस. रोज एक तास हातात होता, आणि मी तो रील्सना देत होते.

मैत्रिणीचा शो आता जरा बदललाय. पाहुण्यानं पुस्तक सांगितलं की ते कुठल्या वाचनालयात आहे, हेही सांगायचं. त्यासाठी शुक्रवारी ती चार-पाच वाचनालयांना फोन लावते. पहिल्या आठवड्यात दोघांनीच उचलला, म्हणाली. कंधारकडच्या बाईंसाठी अण्णांनी दहा पुस्तकं बांधून ठेवलीत, आमच्या लहानपणीची. स्टेशनवर पोचवलीत. त्या परत फोन करतील तेव्हा पत्ता विचारायचा आहे. अजून फोन आलेला नाही.

आणि तीन आठवड्यांनी, रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. मला वाटलं, भाचीचं काहीतरी.

‘अगं, ही बया तर आपल्या काकूसारखीच बोलायलीय,’ ताई म्हणाली. ‘मला तर काकूचाच आवाज यायलाय कानात.’

‘कितवं पान?’

‘ते काय बघितलं नाही. दूध उतू गेलं बघ आज.’ मग जरा थांबून, आवाज बारीक करून, ‘पोरगी विचारायली, आई, काय वाचायलीस? म्हटलं, तू तुझा अभ्यास कर. रविवारी वाचून दाखवते थोडं.’

विकेंड प्लॅन

पुण्या-मुंबईहून नांदेडला रात्रीची गाडी धरा, सकाळी पोचता. सचखंड पहाटे किंवा रात्री बघा, दिव्यांत. गोदावरीचा घाट आणि नंदगिरी किल्ला एका संध्याकाळी होतो. दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर. गंज गोलाईत निदान दोन तास हरवा. औशाच्या पुढं उजनीला गाडी थांबवून बासुंदी खाल्ल्याशिवाय परतायचं नाही. वेळ असेल तर उदगीर करा, किल्ल्यासाठी. २०२२ चं साहित्य संमेलन याच गावात झालं. आणि हो, पिशवीत एखादं वाचून झालेलं पुस्तक टाका. वाटेतल्या कुठल्याही वाचनालयात देऊन या. फक्त त्याचं कुलूप उघडं आहे का, ते आधी फोन करून विचारा.